रविवारी कुंचीचं सामान आणताना

मैत्रिणींनो, रविवारी जुन्या वळणाची कुंची, म्हणजे बाळाचं पाठीवर रुळणारं टोपडं, भरतकामाला घेतोय, तर सामान आत्ताच बघून ठेवा. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा कॉटन-सिल्क खण मिळाला तर सोनंच, चकचकीत सिंथेटिक प्लीज नको, बाळाला घाम येतो, टोचतं. अस्तराला मलमल, आधी धुवून आटवलेलं. दोरा सहापदरी, भरताना दोनच पदर घ्यायचे, आणि लाल असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग जातो का ते बघाच, माझी एक अख्खी कुंची त्यात गेलीये.

मणी बारीक काचेचे, फक्त माथ्यावर, मागे नको कारण बाळ त्यावरच झोपतं आणि नाड्यांना तर अजिबातच नाही, तोंडात जातात! दर तीन मण्यांनी गाठ मारायची. सुई मण्यातून जातेय ना ते दुकानातच बघून घ्या.