एका पोराची लघवी लाल झाली, तर घरातल्या सगळ्यांची तपासा

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य, यांस

सा. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे. राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायची मुभा घटनेच्या कलम ३५० नं दिलीय, तेव्हा भाषेपाशी अडू नका. विषय पोरांच्या मूत्रपिंडाचा आहे.

आम्ही खानापूर तालुक्यातले. पावसाळ्यात इथं आठ-आठ दिवस ऊन नाही, वाकळा वाळत नाहीत आणि एका वाकळेत तीन पोरं झोपतात. एकाला खरूज झाली की घरभर. श्रावणात माझ्या नऊ वर्षांच्या पुतण्याचे डोळे सकाळी सुजलेले दिसले. आई म्हणाली, रात्री काहीतरी चावलं असेल. दुसऱ्या दिवशी मोरीतनं त्याची हाक आली, "काका, चहासारखी होतीया." खरंच, कोऱ्या चहासारखी.

दवाखान्यात बीपीचा पट्टा मोठ्या माणसाचा; पोराच्या दंडाला दोन वेढे बसले. असा मोठा पट्टा बीपी कमी दाखवतो. "ठीक आहे" म्हणून घरी पाठवलं. बेळगावला नेईपर्यंत पोराचं डोकं ठणकत होतं आणि बीपी भलतंच चढलेलं. तिथं कळलं, खरजेच्या फोडांत स्ट्रेप्टोकोकस जंतू शिरला की तीन ते सहा आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. घसा धरला असेल तर दहाएक दिवसांतच. मीठ-पाणी मोजून, लघवी होण्याचं औषध, बीपीवर नजर. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. आमचा झाला.

पण त्याच्या धाकट्या बहिणीचं कुणी विचारलंच नाही. तिच्याही बोटांच्या बेचक्यात तेच फोड होते. मी हट्ट धरला तेव्हा तिच्या लघवीत पट्टी बुडवली. रक्त निघालं! आणि पोरगी बाहेर लंगडी खेळत होती. भावंडांत असा छुपा त्रास सापडतो, हे डॉक्टर मंडळींना ठाऊक असतं. केस पेपर मात्र एकाचाच निघतो.

लघवीची पट्टी काही रुपयांची. एका मुलाला हा आजार निघाला की आशाताईंनी त्या घरातल्या प्रत्येक पोराची लघवी बघावी. खरजेचं मलम अख्ख्या घरानं एकाच रात्री लावायचं असतं. आम्हाला एकच ट्यूब मिळाली, खरूज पुन्हा आली. प्रत्येक आरोग्य केंद्रात लहान मुलांचा बीपीचा पट्टा हवा. आणि डिस्चार्ज कार्डावर कन्नडमध्ये 'उप्पु कडिमे', म्हणजे मीठ कमी, असं लिहिलं होतं. आईला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. ती चार दिवस नातवाला भाकरीबरोबर लोणचं वाढत होती. कन्नड राहू द्या, खाली दोन ओळी मराठीत घाला.

धाकटीची तपासणी अजून चालू आहे. नुसत्या डोळ्यांना न दिसणारं रक्त वर्षभरही राहू शकतं. हिवाळी अधिवेशनाला बेळगावच्या विधानभवनात, सुवर्णसौधला, याल तेव्हा खानापूरच्या एखाद्या आशाताईला बोलावून तिची पिशवी उघडायला सांगा. लघवीची पट्टी आहे का बघा.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक काका