रोखे फंडाच्या तक्त्यात दोन रकाने हवेत

मा. संपादक यांस,

अर्थविषयक पानावरच्या तक्त्यात गिल्ट फंडांचा (सरकारी रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडांचा) एका वर्षाचा परतावा पाहून अनेक निवृत्त वाचक मुदत ठेवी मोडतात. पण तो आकडा निव्वळ व्याजाचा नसतो आणि तक्त्यात तसे कुठे लिहिलेलेही नसते.

रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये रेपो दर तीन टप्प्यांत ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला. बाजारातले व्याज उतरले की जुन्या रोख्यांचा भाव चढतो. समजा, दर्शनी किंमत १०० रुपये, व्याज ७ टक्के, मुदत १० वर्षे. (सरकारी रोख्यांचे व्याज सहामाही मिळते, सोयीसाठी वार्षिक धरले आहे.) वर्षभरात बाजारातला दर ६ टक्क्यांवर आला, तर या रोख्याचा भाव १०६.८० रुपये होतो. ७ रुपये व्याज, ६.८० रुपये भाववाढ, म्हणजे परतावा १३.८० टक्के. तक्त्यात छापला जातो तो हाच आकडा.

आता तो वाचून १०६.८० ला शिरणाऱ्याचे पाहा. दर ६ टक्क्यांवरच राहिला तर त्याला पुढच्या वर्षी ६ टक्केच मिळतील, कारण व्याज ७ रुपये आले तरी मुदत जवळ येईल तसा भाव १०० कडे उतरत जातो. दर पुन्हा ७ वर गेला तर भाव १०० वर येईल आणि ७ रुपये व्याजातून ६.८० रुपयांची घट वजा जाता हाती २० पैसे उरतील. ही भीती पुस्तकी नाही. ६ जून २०२५ ला अर्धा टक्का कपात करतानाच रिझर्व्ह बँकेने धोरणाचा पवित्रा ‘तटस्थ’ (म्हणजे पुढे कपातच होईल असे नाही) केला आणि दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा दर उतरण्याऐवजी ऑगस्टपर्यंत साडेसहा टक्क्यांपलीकडे गेला.

म्हणून परताव्याशेजारी यील्ड टू मॅच्युरिटी (आजच्या भावाला घेतलेले रोखे मुदतीपर्यंत धरल्यास मिळणारा वार्षिक दर) आणि मॉडिफाइड ड्युरेशन (दर बदलला की भाव किती हलतो त्याचे माप) हे दोन रकाने छापावेत, ही आग्रहाची विनंती. दोन्ही आकडे फंड घराण्यांच्या मासिक फॅक्टशीटमध्ये असतात. पहिल्यातून फंडाच्या वार्षिक खर्चाचे प्रमाण वजा केले की पुढच्या कमाईचा अंदाज येतो. ड्युरेशन ७ असेल तर दर एक टक्का वाढल्यास भाव साधारण ७ टक्के पडतो, हे वाचकाला एका नजरेत कळेल. दोन वर्षांत लागणारे पैसे अशा फंडात ठेवू नयेत. शिवाय १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा युनिटवरचा नफा कितीही वर्षांनी काढला तरी उत्पन्नाच्या टप्प्यानुसार करपात्र आहे. ३० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह ६ टक्क्यांचे सुमारे ४.१३ उरतात.

थेट सरकारी रोखे घ्यायचे तर रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या संकेतस्थळावर किमान १०,००० रुपये लागतात. मुदतीपर्यंत धरले तर मधल्या चढउताराने बिघडत नाही, पण आधी विकायचे झाल्यास छोट्या रकमेला मनासारखा भाव मिळणे अवघड.

शेअर बाजाराबद्दल थोडक्यात. २०२४-२५ मध्ये निफ्टी ५.३ टक्के वाढला, एवढेच छापले तर २६ सप्टेंबर २०२४ च्या २६,२१६ वरून ४ मार्च २०२५ ला तो २२,०८३ पर्यंत, जवळजवळ १६ टक्के घसरला होता हे झाकले जाते. ती घट भरायला १८.७ टक्के वाढ लागते. आणि फंडाची तुलना लाभांश धरलेल्या निर्देशांकाशी, म्हणजे टीआरआयशीच करावी. नुसत्या निफ्टीशी केली तर सामान्य फंडही वर्षाला सुमारे सव्वा टक्क्याने उजवा दिसतो.

– एक वाचक, सांगली