ताई, त्या कोऱ्या कागदासाठी…

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

नोकरी लागल्याचं सांगायला फोन केला, तेव्हा तुम्ही आधी विचारलंत, "काय काय विचारलं गं त्यांनी?" आणि मला रडूच कोसळलं. उत्तर राहून गेलं, ते आज लिहिते आहे. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहिते आहे, कारण पाचव्या नकारानंतर मी जशी खचून बसले होते, तसं आत्ताही कुणीतरी बसलेलं असेल.

पाच मुलाखती झाल्या आणि पाचही ठिकाणी "कळवतो" म्हणाले. दोघांनी तर नंतर कळवलंही नाही. माझी समजूत झाली होती की मी मुळातच बुजरी, माझी छाप पडणार कशी? रोज आरशासमोर उभी राहून हसायचा, हात कसे ठेवायचे याचा सराव करायचे. समोरच्यावर पडणाऱ्या प्रभावात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५, असं एका व्हिडिओत ऐकलं होतं. तुम्ही ते शांतपणे ऐकून घेतलंत आणि मग समजावलंत. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतले. त्यांत एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचा, चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढंच ओळखायला लावायचं. भावना आणि आवडीनिवडींविषयीचं बोलणं सोडून इतरत्र हे गणित लागू होत नाही, असं मेहराबियन यांनीच सांगून ठेवलं आहे. त्या दिवशी माझ्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं, ताई. चेहरा बदलणं माझ्या हातात नव्हतं, उत्तरं होती.

मग तुम्ही फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलंत आणि म्हणालात, "आधीच्या कामाबद्दल सांग." मी दोन मिनिटं बोलले. मेहनती आहे, जबाबदारीनं काम करते, सगळ्यांशी जुळवून घेते. तुम्ही माझ्यापुढे एक कोरा कागद आणि पेन्सिल ठेवलीत. "आता तू टेबलाच्या पलीकडे बसली आहेस. ऐक आणि या मुलीबद्दल काय लिहावंसं वाटतं ते लिही." रेकॉर्डिंग संपलं तरी कागदावर माझ्या नावापलीकडे काही नव्हतं. पेन्सिल हातातच राहिली. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मला शब्दन्‌शब्द आठवतं: "आमच्याकडे मुलाखतीला दिवसभरात आठ-दहा जण येतात. संध्याकाळी आम्ही कागद समोर ठेवून बोलतो. ज्याच्या कागदावर काहीच नाही, तो कितीही आवडलेला असो, त्याच्या बाजूनं बोलायला आमच्या हातात काही नसतं."

इतक्या वर्षांत मला कुणी टेबलाच्या त्या बाजूला बसवलंच नव्हतं. मुलाखत घेणाऱ्यालाही आपली निवड चार जणांना पटवून द्यावी लागते, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पुढचे तीन रविवार तुम्ही मला दिलेत. गोदामातली ती गोष्ट तुम्हीच माझ्याकडून काढून घेतलीत. नोंदवहीतला साठा आणि प्रत्यक्ष माल दर महिन्याला जुळत नसे. मी दोन आठवडे परत आलेल्या मालाच्या पावत्या एकेक करून तपासल्या. एकच पावती फाटकावर आणि पुन्हा आत, अशी दोनदा चढत होती. मला ते सांगण्यासारखं वाटतच नव्हतं, ते तर माझं रोजचं कामच होतं! परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम ही चौकट मला पाठ होती, पण परिस्थिती सांगण्यातच माझा सगळा वेळ जायचा. "कृतीवर थांब," असं तुम्ही किती वेळा म्हणालात! आणि मी "आम्ही शोधलं" म्हटलं की टोकायचात, "आम्ही म्हणजे कोण?" "मी शोधलं" म्हणताना जीभ अडखळायची. लहानपणापासून मीपणा करू नये हेच शिकलेलो आपण. पण खरं काम खरं म्हणून सांगणं म्हणजे बढाई नव्हे, हे तुमच्यामुळे पटलं.

वडिलांच्या आजारपणातल्या १४ महिन्यांच्या खंडाबद्दलही तुम्ही दोनच वाक्यं बसवून घेतलीत, आणि त्यानंतर थांबायला शिकवलंत. वेळेआधी पोचणं, कागद क्रमानं लावणं, फोन बंद ठेवणं, हे तर सगळीकडे वाचायला मिळतंच.

तर आता तुमचं उत्तर. समोर तिघं होते. आधी स्वतःबद्दल विचारलं, मग खंडाबद्दल. दोन वाक्यं बोलले आणि थांबले. ती शांतता फार लांब वाटली, पण मी ती भरून काढली नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढे गेले. गोदामाची गोष्ट सांगताना "फाटकावर आणि पुन्हा आत" म्हटलं, तेव्हा मधल्या बाईंचं पेन चालू लागलं. मला तुमची पेन्सिल आठवली आणि आवाज आपोआप स्थिर झाला. त्यांच्याकडच्या सॉफ्टवेअरबद्दल विचारलं, तेव्हा ते वापरलेलं नाही असं सरळ सांगितलं, आणि आधीचं किती दिवसांत नि कसं शिकले तेही सांगितलं.

शेवटी, "तुम्हाला काही विचारायचंय?" तुम्ही सुचवल्याप्रमाणे विचारलं, "या जागेवर आधी जे होते, त्यांना सगळ्यात जास्त अडचण कशाची यायची?" तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातले वयानं मोठे होते त्यांनी पेन खाली ठेवलं आणि उशिरा येणाऱ्या मालाबद्दल बराच वेळ मनापासून बोलत राहिले. मी ऐकत होते, मधेमधे विचारत होते. मुलाखत चालू आहे हे त्या वेळात मी विसरूनच गेले होते.

एवढंच विचारलं, ताई. सोमवारी रुजू होते आहे. तुमचे ते तीन रविवार मी कधीच विसरणार नाही. तो कागद माझ्या फाइलमध्ये सगळ्यात वर आहे, अजूनही त्यावर फक्त माझं नाव आहे.

तुमची,
तळमजल्यावरची शेजारीण