तळ्याकाठच्या चौकशीचे उत्तर

केंब्रिज, जुलैअखेर

ती. नाना व ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार, वि. वि.

मी खुशाल आहे. सुटीच्या दिवशी हा मुलगा दलदलीत एकटा काय हिंडतो, हा नानांचा प्रश्न पोचला. मी चतुर पाहायला जातो, आणि जेथे जातो ते केंब्रिजजवळचे विकन फेन हे ओसाड रान नव्हे. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने १८९९ सालापासून राखलेल्या त्या पाणथळात फळ्यांची पक्की वाट आहे आणि मी पाण्यात उतरत नाही. चतुर नांगी मारत नाही, हे आईला नानांनीच समजावून सांगावे.

मोठे चतुर रंगापेक्षा वागण्यावरून लवकर ओळखू येतात. पंख पसरल्यावर सुमारे दहा सेंटिमीटर भरणारा एम्परर जातीचा चतुर तळ्याच्या मध्यावर गस्त घालतो, क्वचितच बसतो आणि लहान शिकार उडता उडताच खातो. नराचे निळे पोट, त्यावरची काळी रेघ आणि बिनपट्ट्यांची हिरवी छाती दिसली की शंका उरत नाही. सदर्न हॉकर ही दुसरी जात मात्र चौकस, तो थेट माणसाच्या तोंडासमोर येऊन थबकतो, तेव्हा छातीवरचे दोन रुंद हिरवे पट्टे आयतेच दिसतात. ब्राउन हॉकरचे तर पंखच तांबूस असतात.

येथील लोकांची एक रीत मात्र मला अजून पुरती उमगलेली नाही. मोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेली माणसे तलाठ्याने पीकपाहणी करावी तशी चतुरांची नोंद करतात: तारीख, नकाशातील जागा, संख्या, नर की मादी, अंडी घालत होती का. पाण्यात वाढलेली अळी लव्हाळ्यावर चढून कात टाकते, म्हणून ती रिकामी कातही जपून डबीत ठेवतात. उडताना दिसलेला चतुर पाहुणा असू शकतो, पण कात सापडली म्हणजे तो त्याच पाण्यात वाढला हे ठरते. या नोंदी कौंटीचा, म्हणजे येथल्या जिल्ह्याचा, एक बिनपगारी जाणकार तपासतो आणि संशय आल्यास फोटो मागतो. कोणालाही यात दमडी मिळत नाही.

पावसाळ्यात आपल्या कापसावर थव्याने उडणारे पिवळे चतुर नानांना आठवतील. ते हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातात, असे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडले. त्यांच्या मते परत येते ती पुढची पिढी. आईने यातून भलता अर्थ काढू नये. मी स्वतःच येणार आहे, फक्त यंदा कानबाईच्या सणाला जमणार नाही.

दुर्बीण जुनी, स्वस्तात घेतलेली आहे. तिच्यामुळे ठिबकचा हप्ता अडलेला नाही, तो या आठवड्यात जमा होईल. धाकटीच्या लग्नाची तारीख माझ्या रजेसाठी लांबवू नये. दागिन्यांचे पैसे मी आधी पाठवीन, मग मला पोचता आले तर उत्तमच. फैजपूरच्या स्थळाला नकार कळवू नये, पण मुलगा रविवारी तळ्याकाठी उभा राहतो, एवढे त्यांच्या कानावर आधीच घालावे.

आपला,
बापू