आधी दाखवलेत, मग केलेत : दंतवैद्यांना आभारपत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सादर नमस्कार.

बेळगावातील आपल्या दवाखान्यात माझ्या पुढच्या दातांवर झालेल्या उपचारांबद्दल आपले जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. दाताला हात लावण्यापूर्वी आपण मला सारे दाखवलेत आणि निर्णय माझ्यावर सोपवलात, याचे मोल मला अधिक वाटते.

यापूर्वी दुसरीकडे मला वरच्या आठ दातांवर व्हिनिअर, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचे पातळ कवच, बसवण्याचा सल्ला मिळाला होता. आपण मात्र चेहऱ्याची छायाचित्रे घेतलीत, हसताना-बोलतानाचे चित्रीकरण केलेत आणि तोंडात छोटा स्कॅनर फिरवून दातांची त्रिमितीय प्रतिमा तयार केलीत. ब्राझीलचे डॉ. ख्रिश्चन कोचमन यांनी रूढ केलेल्या ‘डिजिटल स्माइल डिझाइन’ पद्धतीने आपण पडद्यावर चेहऱ्याची मध्यरेषा, डोळ्यांच्या बाहुल्यांना जोडणारी रेषा आणि खालच्या ओठाची कमान आखलीत, तेव्हा दोष चारच दातांत असल्याचे मलाही स्पष्ट दिसले. व्हिनिअरसाठी दाताचे एनॅमल, म्हणजे बाहेरचे कठीण आवरण, एकदा कोरून काढले की पुन्हा येत नाही, हे आपण मला मराठीत शांतपणे समजावलेत. शेजारच्या आजींशी तितक्याच आपुलकीने कन्नडमध्ये बोलतानाही मी आपल्याला ऐकले आहे.

सर्वांत उपयोगी पडला तो नमुना. सिलिकॉनच्या साच्यात दाताच्या रंगाचे तात्पुरते रेझिन भरून आपण ते माझ्या दातांवर बसवलेत आणि आरसा देण्याआधी ‘वडगाव’, ‘विजापूर’ असे शब्द म्हणायला लावलेत, कारण ‘व’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला कुठे टेकते, यावरून त्यांची लांबी जोखता येते. मी शिक्षिका आहे, दिवसभर वर्गात बोलते. एक दात किंचित लांब वाटतो म्हटल्याबरोबर आपण तो तिथेच कमी केलात, नमुन्याचा पुन्हा स्कॅन घेतलात आणि त्याबरहुकूम पक्के व्हिनिअर करून घेतलेत. रंगही पांढराशुभ्र न घेता शेजारच्या दातांशी जुळणारा निवडलात, हे फार बरे झाले.

हिरड्यांची सूज उतरेपर्यंत आपण काम थांबवले होते. त्या वेळी मला घाई झाली होती, पण आपण ठाम राहिलात, त्याबद्दलही ऋणी आहे.

माझी उपचारांपूर्वीची, नमुन्याची आणि नंतरची छायाचित्रे आपण इतर रुग्णांना समजावताना जरूर दाखवावीत. त्यास माझी संमती आहे.

आपली कृतज्ञ,
खानापूर तालुक्यातील एक शिक्षिका