रोज दहा शब्द नकोत, चार पुरेत

महोदय,

परीक्षा संपल्या की वर्तमानपत्रांत ‘रोज दहा इंग्रजी शब्द’ अशा चौकटी सुरू होतात आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतात. हेतू चांगलाच आहे. पण तिथे शब्द आणि त्यापुढे मराठी अर्थ, एवढेच असते. तो शब्द कोणाच्या जोडीने वापरायचा ते कुठेच नसते, आणि मराठी मुलांचे घोडे नेमके तिथेच पेंड खाते.

आपण कोणा‘वर’ तरी रागावतो, म्हणून मूल ‘अँग्री ऑन मी’ म्हणते. हवे असते ‘विथ’. लग्न कोणा‘शी’ तरी होते, म्हणून ‘मॅरीड विथ’. तिथे मात्र ‘टू’ लागते. चर्चा एखाद्या विषया‘बद्दल’ असते, म्हणून ‘डिस्कस अबाउट’. खरे तर डिस्कसला असे शेपूट लागतच नाही. नियम सांगून हे सुटत नाही, कारण ही सारी रूढी आहे. ‘अँग्री विथ’, ‘मॅरीड टू’, ‘मेक अ मिस्टेक’ हे अखंड शब्द समजूनच पाठ करावे लागतात.

निवडही तपासायला हवी. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक मायकेल वेस्ट यांनी 1953 साली सुमारे 2000 नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरातले पाचांपैकी साधारण चार शब्द त्या यादीत सापडतात. आपल्या चौकटींत मात्र ‘मॅग्नॅनिमस’ (उदार मनाचा) आणि ‘युबिक्विटस’ (सर्वत्र आढळणारा) असे क्वचित लागणारे शब्द! ते पाठ असलेली, इंग्रजी माध्यमातली मुलेसुद्धा ‘क्लोज द लाइट’ म्हणतात. बसमधून ‘गेट ऑफ’, अर्ज ‘फिल इन’, धाकट्या भावाला ‘लुक आफ्टर’, दिवा ‘टर्न ऑफ’ हे आधी यावे.

पाठ करण्याची रीत बिनखर्चाची आहे. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद पत्त्यांएवढा कापावा. एका बाजूला ‘आई माझ्यावर रागावली आहे’ असे मराठी वाक्य, मागे त्याचे पूर्ण इंग्रजी वाक्य. मराठी बाजूच वर ठेवून विचारावे. इंग्रजी पाहून अर्थ ओळखणे सोपे असते, त्यातून ‘येतंय की’ असा भ्रम होतो. बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही. हे पत्ते तीन डब्यांत ठेवावेत. पहिला डबा रोज, दुसरा दर तिसऱ्या दिवशी, तिसरा रविवारी. उत्तर बरोबर आले तर पत्ता पुढच्या डब्यात. चुकला तर तो कुठल्याही डब्यातला असो, पहिल्यात. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये ही डब्यांची पद्धत मांडली. नवे पत्ते रोज चारच घालावेत. दहा घातले तर दुसऱ्या आठवड्यात पहिला डबा ओसंडतो, उजळणीला तास लागतो आणि मूल सगळेच सोडून देते.

सारखे वाटणारे शब्द एका दिवशी देऊ नयेत. ‘बॉरो’ म्हणजे उसने घेणे, ‘लेंड’ म्हणजे उसने देणे. दोन्ही एकदम शिकवले की कायमची गल्लत होते. एक पक्का झाल्यावर आठवड्याने दुसरा द्यावा. चौकटींत विरुद्धार्थी जोड्या हौसेने छापतात, त्यांचेही हेच होते.

देवनागरीत दिलेल्या उच्चारावर फार विसंबू नये. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर सुरुवातीला आणि ‘फोटोग्राफर’मध्ये ‘टो’च्या जागी येतो, हे त्यातून कळत नाही. व्ही आणि डब्ल्यू दोन्हींना आपला ‘व’ एकच. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, डब्ल्यूला ओठांचा चंबू करायचा, हे आरशासमोर दाखवले तरच जमते. फोनवरच्या शब्दकोशात उच्चार ऐकून तीनदा मोठ्याने म्हणणे उत्तम.

आपल्या पुरवणीने दहा सुट्या शब्दांऐवजी चार शब्दसमूह पूर्ण वाक्यांसह छापावेत आणि आठवड्याने तीच वाक्ये गाळलेल्या जागांसह पुन्हा द्यावीत, ही विनंती. उत्तरे मात्र दुसऱ्या दिवशीच्या अंकात असावीत. खाली उलटी छापलेली उत्तरे वाचण्यात आमची मुले पटाईत आहेत.

– एक इंग्रजी शिक्षिका, सातारा