आधी पाय पाहा, मग बंदूक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या जुन्या सीमाप्रदेशातले, म्हणजे अठराव्या शतकातल्या गोऱ्या वसाहतींच्या पश्चिम कडेवरचे, जगणे वेशभूषेसह उभे करणाऱ्या हौशी मंडळींवरचा लेख वाचला. आस्थेने लिहिला आहे. मात्र बंदूक, शिकारी सदरा आणि टोपी जमली की पायात काहीही चालते, हे त्यातले मत मला अजिबात पटलेले नाही. सोबतच्या छायाचित्राखाली १७७८ साल छापले आहे, आणि चित्रातल्या गृहस्थांच्या पायात रबरी तळाचे, झालरवाले बाजारी मोकॅसिन (मूळचे मऊ कातड्याचे पादत्राण) आणि इलॅस्टिकचे आखूड पांढरे मोजे आहेत. गुडइयरचे रबराचे पेटंट १८४४ चे. त्या ओळीतले साल काढावे किंवा दुरुस्ती छापावी, ही पहिली विनंती.

मी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात राहते. इथल्या एका नव्याने बांधलेल्या जुन्या धर्तीच्या किल्ल्यावर विणकाम करून दाखवते आणि नवीन येणाऱ्यांना मोजे विणून देते. त्यामुळे लोकांच्या चेहऱ्याआधी माझे लक्ष पायांकडे जाते. पण माझा आग्रह सवयीपोटी नाही. या प्रदेशाच्या इतिहासात पायात काय होते यावरून घटना बदलल्या आहेत.

१४ जुलै १७७६ रोजी केंटकीतल्या बून्सबरो या वस्तीजवळ नदीत होडीतून फिरणाऱ्या तीन मुलींना शॉनी आणि चेरोकी या मूळ रहिवासी जमातींच्या टोळीने पळवले. वस्ती वसवणाऱ्या डॅनिअल बूनची मुलगी जेमायमा आणि कॅलवे घराण्यातल्या दोघी बहिणी. पुढे सांगितल्या गेलेल्या हकिगतींप्रमाणे, कॅलवे बहिणींतली थोरली बेट्सी आपल्या बुटांच्या टाचा मुद्दाम ओल्या मातीत रुतवत चालली, म्हणजे मागून येणाऱ्यांना माग लागेल. पळवणाऱ्यांच्या ते लक्षात आले आणि मुलींच्या पायांत मोकॅसिन चढवले गेले. तिसऱ्या दिवशी बून आणि सोबत्यांनी त्यांना सोडवले. आता ही गोष्ट मुलांना सांगताना बेट्सीच्या पायात सपाट तळाचे आजचे कॅनव्हासचे बूट असतील, तर सांगायचे काय? उंच टाच असलेला बूट आणि टाच नसलेला मोकॅसिन यांतला फरक हीच तर ती गोष्ट आहे.

मोकॅसिन नक्की कसा होता, हे जोसेफ डॉड्रिज या धर्मोपदेशकाने लिहून ठेवले आहे. पश्चिम व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनियाच्या वस्तीत त्याचे लहानपण गेले. त्याच्या आठवणी १८२४ मध्ये छापल्या गेल्या. हरणाच्या कमावलेल्या कातड्याचा एकच तुकडा, पायाच्या वर चुण्या घेत आलेली एक शिवण, टाचेला दुसरी, बिनचुण्यांची. दोन्ही बाजूंना पदर सोडलेले. ते घोट्याभोवती गुंडाळून कातडी पट्ट्यांनी बांधायचे. थंडीत आत हरणाचे केस किंवा सुकी पाने कोंबायची. पावसात मात्र ते कातडे पाणी पिऊन घ्यायचे, आणि असा मोकॅसिन घालणे म्हणजे अनवाणी चालण्याचीच जरा सभ्य रीत, असे तेव्हाचे लोक म्हणत. शिकाऱ्यांचे सांधे धरत, म्हणून ते रात्री पाय शेकोटीकडे करून झोपत. माणसे गोळ्यांच्या पिशवीच्या पट्ट्याला आरी (कातड्याला भोके पाडायची टोचणी) आणि दुरुस्तीसाठी कातड्याची गुंडाळी अडकवून हिंडत. आरी बहुधा जुन्या चाकूच्या स्प्रिंगपासून केलेली. ही आरी मला आमच्या छावणीत फार क्वचित दिसते. चाकू मात्र प्रत्येकाकडे दोन-दोन असतात.

आरी का लागे, याचा अंदाज पुढच्या काळातल्या एका आकड्यावरून येतो. खंड ओलांडून पश्चिम किनाऱ्यापर्यंत गेलेल्या ल्युइस आणि क्लार्क यांच्या शोधमोहिमेच्या तुकडीने १८०५-०६ चा हिवाळा पॅसिफिक किनाऱ्याजवळ फोर्ट क्लॅट्सॉपमध्ये काढला. तिथून निघताना सार्जंट पॅट्रिक गॅसने मोजणी केली, तर ३३८ जोड मोकॅसिन तयार होते, बहुतेक एल्क या मोठ्या हरणाच्या कातड्याचे. तीस-बत्तीस माणसांसाठी! पादत्राण ही तेव्हा सतत शिवत राहण्याची वस्तू होती.

हे कौशल्य वसाहतवाल्यांनी मूळ रहिवाशांकडून घेतले. मऊ तळाचा, मध्ये शिवण असलेला मोकॅसिन पूर्वेकडच्या जंगलातला. जाड, वेगळा शिवलेला तळ असलेला पश्चिमेच्या मैदानी मुलखातला. ओहायो नदीकाठच्या प्रसंगात मैदानी मोकॅसिन घालणे म्हणजे शॉनी लोकांना त्यांच्याच जमिनीवरून पुसणे. मला हे सगळ्यात जास्त लागते.

आणि सगळेच मोकॅसिन घालत नव्हते. बुटांचेही भरपूर पुरावे आहेत. झाडाच्या सालीने कमावलेले चामडे, हाताची शिलाई, वर दोन पट्ट्या आणि बक्कल. बहुधा दोन्ही बूट एकाच सरळ फर्म्यावर केलेले, डावा-उजवा भेद नाही. लेससाठी धातूच्या रिंगा लावलेली भोके पुढच्या शतकातली. बायका उन्हाळ्यात अनवाणी हिंडत, हेही डॉड्रिज सांगतो. ज्यांना बूट परवडत नाहीत त्यांना मी हेच सांगते: जमीन सुरक्षित असेल तर अनवाणी राहा, तेही खरेच आहे.

आता मोजे. हा माझा प्रांत, म्हणून थोडे सविस्तर. त्या काळचा मोजा गुडघ्याच्या वर जाई, पुरुषांचा आणि बायकांचाही. इलॅस्टिक नव्हते, गुडघ्याखाली विणलेली पट्टी किंवा चामड्याचा पट्टा बांधत. म्हणून पोटरीचा आकार विणीतच यावा लागतो: वर टाके जास्त, घोट्याकडे घटवत न्यायचे. यंत्रावर विणलेला मोजा आधी सपाट असे आणि मागे शिवला जाई. हाताने चार-पाच सुयांवर गोल विणणाऱ्या बायका मागच्या बाजूला उलट्या टाक्यांची एक उभी ओळ घेत. ती शिवणीसारखी दिसते आणि टाके कुठे घटवायचे ते त्या ओळीवरून मोजता येते. आजचा नळीसारखा मोजा कितीही ताणला तरी ही ओळ आणि हा आकार त्यात येत नाही. दहा पावलांवरून कळते.

साध्या माणसांच्या मोज्यांची माहिती आपल्याला मिळते कुठून? मोठा वाटा ‘व्हर्जिनिया गॅझेट’सारख्या वृत्तपत्रांतल्या जाहिरातींचा. पळून गेलेल्या गुलामांना आणि करारबद्ध नोकरांना पकडण्यासाठी मालक त्यांच्या कपड्यांचे वर्णन छापत: लोकरी सुताचे मोजे, बक्कल लावलेले जुने बूट. ज्यांनी आयुष्यात दुसरी कुठलीच नोंद मागे ठेवली नाही, त्यांच्या पायात काय होते हे आपल्याला त्यांना शोधणाऱ्यांमुळे कळते. सुई हातात घेतली की मला हे आठवते, आणि म्हणून ‘मोजेच तर आहेत’ हे वाक्य मी ऐकून घेत नाही.

अचूकतेचा हट्ट नवोदितांना पळवून लावतो, असेही लेखात आहे. टोचून बोलणारे असतात, ते थांबायलाच हवे. मधुमेह असलेल्याने, पायाला इजा असलेल्याने डॉक्टरांनी सांगितलेलेच बूट घालावेत; वरून लांब कापडी लेगिंग बांधले की बरेच झाकले जाते आणि कुणी प्रश्न विचारू नये. मोकॅसिनमध्ये ब्लँकेटच्या कापडाचे अस्तर घालावे. ओल्या गवतावर मऊ तळ घसरतो, तेव्हा उतारावर हातात काठी असू द्यावी.

आपल्या वाचकांपैकी अमेरिकेत राहणारे कुणी या मंडळींत सामील होणार असतील, तर त्यांनी बंदुकीची घाई करू नये. आधी कोणते वर्ष आणि कोणता मुलूख ते ठरवावे. मग गुडघ्यावर जाणारे, एकरंगी, लोकरीचे दोन जोड मोजे आणि बांधायला पट्ट्या घ्याव्यात. पादत्राण त्यानंतर, आणि ते घालून घरी काही आठवडे चालून पाहावे. छावणीत बंदूक उसनी देणारे पुष्कळ भेटतात. आपल्या मापाचे बूट उसने मिळत नाहीत.

आपली,
एक वाचक, केंटकी